हद्दीचा दगड

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पुणे पासिंगची पांढरी गाडी येऊन थांबली. प्लॉटचे मालक उतरले, त्यांच्या मंडळी उतरल्या आणि मागून हातात टेप घेतलेला एक गडी उतरला. प्लॉट घेऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत ते तिसऱ्यांदा आले होते. बीडमध्ये घर बांधायचं त्यांच्या मनात दर दिवाळीला येतं आणि पुण्याचा हप्ता आठवला की जातं.

तीस बाय चाळीसचा प्लॉट. टेप लावली. एका अंगानं चाळीस फूट बरोबर भरलं. दुसऱ्या अंगानं सव्वाछत्तीस. पुन्हा लावली, पुन्हा सव्वाछत्तीस. मालकांनी दगडाकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं, मग भिंतीच्या मालकाकडं पाहिलं. भिंतीचा मालक म्हणजे मी. मी गॅलरीत चहा पीत उभा होतो. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला आपल्यावर चोरीचा आळ आलाय हे दुसऱ्या मजल्यावरूनसुद्धा कळतं.

"सर, तुमच्याकडून असं काही होणार नाही, हे मला माहितीये," ते म्हणाले. असं कोणी म्हणालं की समजावं, मोजणीचा अर्ज खिशात तयार आहे.

खुलासा आमच्या नातवानं केला. वय वर्षं नऊ. तो म्हणाला, "आबा, तो दगड आम्हीच आत घेतला. पिच लई लांब पडायलं होतं. लहान लेकरांचा बॉल पोचतच नव्हता."

झालं होतं ते असं. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांचे दगड हेच पोरांचे दोन स्टंप. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. दोन-चार वर्षांत पुरलेला दगड दुधाच्या दातासारखा हलायला लागतो. तो पोरांनी उपटला आणि गल्लीतल्या लिंबूटिंबूंच्या सोयीनं पावणेचार फूट आत नेऊन पक्का रोवला. वर पाणी टाकून माती चोपली. ग्राउंड्समन करतात तसं. भूमी अभिलेखवाल्यांनी इतक्या तत्परतेनं काम केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मालक हसले. हसले म्हणून बरं. पण जाताना म्हणाले, "आता तारेचं कंपाउंड करून टाकतो." मला दगडाच्या आळानं लागलं नव्हतं तेवढं ते वाक्य लागलं. कारण त्याच आठवड्यात आम्ही नातवाला लेकरांच्या डॉक्टरकडं नेऊन आलो होतो. डॉक्टरांनी वजन केलं, उंची मोजली, माझ्या सुनेकडं चष्म्यावरून पाहिलं आणि कागदावर लिहिलं, 'रोज एक तास पळणे, खेळणे.' खाली रेघ ओढून सही. आमच्या मंडळींनी तो कागद हातात घेऊन विचारलं, "जेवणाआधी का जेवणानंतर?"

लेकराला पळायची चिठ्ठी लिहून द्यावी लागते, हे मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. आम्हाला पळवायला डॉक्टर लागला नाही. कुत्री होती.

आमची वस्ती बालाघाटच्या उतारावर, शाळेचं गाव तिथून तीन किलोमीटर. सकाळी निघालं की पहिल्यांदा पांद लागायची, दोन्ही बाजूंनी घाणेरी आणि निवडुंग. पांद संपली की बाभळीच्या काट्यांचं कुंपण. त्याला वळसा घालायचा तर अर्धा फर्लांग जादा, म्हणून दप्तर आधी पलीकडं फेकायचं आणि मग आपण. दप्तर म्हणजे खताच्या पोत्याची पिशवी. तिच्यावर युरियाचं नाव आणि आत अंकगणित. पलीकडं एका म्हातारीची वस्ती होती आणि तिचं कुत्रं होतं. त्या कुत्र्याला आमच्या शाळेची वेळ पाठ होती. गुरुजींपेक्षा ते वक्तशीर. वस्तीपासून पुढचा तीनशे पावलांचा टप्पा आम्ही कधीही चालत गेलो नाही. परीक्षा असो, ताप असो, तो पळतच काढायचा.

मग ओढा. भाद्रपदात ओढ्याला गुडघाभर पाणी असायचं. डोक्यावर गोणपाटाची खोळ, काखेत चपला, दातात पिशवीचा बंद, अशा अवतारात आम्ही पाण्यात शिरायचो. एकदा माझी उजवी चप्पल निसटली आणि वाहत गेली. काठाकाठानं तिच्या मागं मी पळत सुटलो. बाभळीची मुळं, कपारी, कुणाचा तरी लसणाचा वाफा, सगळं तुडवत चांगला कोसभर गेलो. चप्पल सापडली नाही. चप्पल गेल्याचं दुःख होतंच, पण उरलेल्या एका चपलेचं काय करायचं हा प्रश्न जास्त अवघड होता. ती मी घरी आणली. वडिलांनी ती नीट पाहिली आणि त्याच चपलेनं तिची अडचण सोडवली.

हा सगळा व्यायाम होता, हे मला सेवानिवृत्तीनंतर कळलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या लेकरांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. आमची साठ मिनिटं प्रार्थनेच्या आधीच संपलेली असायची. प्रार्थनेला आम्ही मौन पाळायचो ते भक्तीनं नव्हे. बोलायला श्वास उरलेला नसायचा.

असाच एक रस्ता आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावातून निघाला आणि पार ऑलिंपिकला गेला. अविनाश साबळे तिथला. घरापासून शाळा सहा किलोमीटर, यायला-जायला वाहन नाही. लहानपणापासून तो हे अंतर चालत किंवा पळत काढायचा. पुढं फौजेत गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनची थंडी पाहिली, राजस्थानचं ऊन पाहिलं आणि २०१७च्या सुमारास तीन हजार मीटर स्टीपलचेसकडं वळला. आता ही शर्यत काय असते? तीन किलोमीटर पळायचं, मधे अठ्ठावीस वेळा तीन फुटी आडवं लाकूड ओलांडायचं आणि सात वेळा असं लाकूड, की ज्याच्या पलीकडं पाण्याचं डबकं. टीव्हीवर मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ना भालाफेकीचं अप्रूप राहिलं ना कशाचं. मी सोफ्यावरून उठून ओरडलो, "आरं, ही तर आपली शाळेची वाट!" फक्त कुत्रं दाखवलं नव्हतं.

आणि ती खरोखरच कुणाची तरी वाटच आहे. स्टीपल म्हणजे चर्चचा कळस. १७५२ साली आयर्लंडमध्ये दोघा गड्यांनी बटेव्हंट गावच्या चर्चपासून डोनरेल गावच्या चर्चपर्यंत घोडी पळवण्याची पैज लावली, अशी कथा सांगतात. रस्त्यानं जायचं नाही, समोरचा कळस धरून नाकासमोर सुटायचं. मधे बांध, कुंपण, ओढा जे येईल ते ओलांडायचं. पुढं घोड्यांवरून हा खेळ माणसांवर आला. म्हणजे दोन गावांमधलं रान उचलून स्टेडियममध्ये नेऊन ठेवलंय. बांधाचं लाकूड झालं, ओढ्याचं डबकं झालं.

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेला रौप्यपदक मिळालं. वेळ आठ मिनिटं अकरा पूर्णांक वीस शतांश सेकंद. पहिल्या आलेल्या केनियाच्या अब्राहम किबिवोटपेक्षा फक्त पाच शतांश सेकंद मागं. त्या शर्यतीत केनियाबाहेरच्या माणसानं पदक घेतल्याला १९९४पासून कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये त्यानं सुवर्ण घेतलं. २०२४च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये आठ मिनिटं नऊ पूर्णांक एक्क्याण्णव शतांश सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. केनियातल्या धावपटूंचीही अशीच गोष्ट सांगतात. उंचावरचं गाव, लांबची शाळा, पळणारी पोरं.

पण सांभाळून बोलायला हवं. शाळा लांब असली की पदक मिळतं असं असतं, तर आमच्या जिल्ह्यात घरटी कपाट करावं लागलं असतं. लांबच्या शाळेनं कितीतरी लेकरांची शाळाच सुटली, विशेषतः मुलींची. माझ्या वर्गातल्या सहा मुलींपैकी पाच जणी सातवीनंतर दिसल्या नाहीत. वाट तीच, ओढाही तोच. त्यांना तो ओलांडू दिला नाही एवढंच.

मुलींचं मैदान वेगळं होतं. त्या मैदानाचं नाव हापसा. हापशाचा इतिहास मराठवाड्यानं छाती फुगवून सांगावा असा आहे. दुष्काळी भागात दर चार दिवसांनी मोडणारे ओतीव लोखंडाचे पंप पाहून शेजारच्या जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी पंप घडवला, पुढं सोलापुरात त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि त्याच घराण्यातून जगभर गेलेला इंडिया मार्क टू आला. आमच्या वस्तीवरच्या हापशाचा दांडा सकाळी वर गेलेला असला की माझ्या धाकट्या बहिणीचा हात त्याला पुरत नसे. ती उडी मारून दांडा धरायची, लोंबकळायची आणि दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असताना तिच्या वजनानं दांडा हळूहळू खाली यायचा. खाली टेकली की पुन्हा उडी. एका घागरीला अशा वीसेक उड्या. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की पन्नास. तिला ते खेळणं वाटायचं. आईला काम वाटायचं. हापशाला काय वाटायचं ते त्याच्या कुईकुईवरून कळायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली १४६ देशांतल्या अकरा ते सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या हालचालीचा हिशेब मांडला. शंभरातली एक्क्याऐंशी लेकरं पुरेशी हलत नाहीत असं निघालं. त्यातल्या त्यात आपला देश बरा निघाला, आणि का बरा निघाला याचा त्यांनी बांधलेला अंदाज मी तीनदा वाचला. मुलगे बरे, कारण गल्लीबोळात क्रिकेट चालतं. मुली बऱ्या, कारण बहुधा त्यांना घरकाम फार असतं. मी हे आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मग द्या म्हणावं पदक." आणि थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

तर हालचालीहालचालीत फरक असतो, हे आमच्या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. दिवाळी झाली की ऊसतोडीला गावंच्या गावं उठतात. ट्रकात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेरडं, कोंबड्या आणि लेकरं चढतात. मी शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी शाळेचा कबड्डीचा संघ बांधला होता. पोरं अशी चपळ, की तालुका नक्की मारणार. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा सातातले तिघं उरले होते. बाकीचे चौघं पश्चिम महाराष्ट्रात कुठल्यातरी फडात, कोपीसमोर धाकटी भावंडं सांभाळत होते, वाढ्याच्या पेंढ्या बांधत होते. मार्च-एप्रिलात परत आले तेव्हा त्यांचे दंड माझ्याहून भरलेले होते. "सर, आता खेळूत," म्हणाले. स्पर्धा डिसेंबरातच होऊन गेली होती. आता काही ठिकाणी हंगामी वसतिगृहं निघालीत, लेकरं मागं राहतात. तेवढ्यापुरते संघ टिकतात.

ही ऊसतोड सोडली तर आमच्या लहानपणी खेळायला जागा मात्र रग्गड होती. आश्विनात सीताफळं यायची. सीताफळाचं झाड बुटकं, त्याच्यावर चढायचं काही कामच नाही, पण ते उगवतं डोंगरावर. म्हणून झाडाऐवजी डोंगर चढायचा. फळाचे डोळे उघडलेत का बघायचं, कच्ची तोडून गवतात आढी घालायची आणि दुसऱ्या दिवशी आढी दुसऱ्यानं पळवली म्हणून त्याला डोंगर उतरेपर्यंत पळवायचं. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या फळानं चार पिढ्यांच्या पोटऱ्या घडवल्या, याची नोंद अर्जात केली होती की नाही कोण जाणे.

पाटोद्याकडं तालमीची माती. पैलवान राहुल आवारे तिकडचाच, २०१८ला गोल्ड कोस्टमध्ये ५७ किलोत राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. ज्या गावात तालीम असते तिथल्या पोरांना भांडण लागलं तरी पकडी सुचतात. तालीम नसलेल्या गावात दगड सुचतात. आमच्या गावात तालीम नव्हती.

बीड शहरात आलो तेव्हा वाटलं, आता सपाटी आली. तर तसंही नव्हतं. जुन्या बीडच्या गल्ल्या अशा अरुंद की क्रिकेटचे नियम भिंतींनी ठरवावेत. ऑफला उघडं गटार, लेगला कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कुरडया. गटारात गेला तर दोन रन आणि काढणार मारणारा. कुरडयांवर गेला तर आऊट आणि त्या दिवसापुरता खेळ खल्लास. एक टप्पा एक हात. अशा गल्लीतून आलेला पोरगा सरळच मारायला शिकतो, त्याला पर्याय नसतो. भारताकडून खेळलेले संजय बांगर जन्मानं बीडचे. आणि २०२४च्या फेब्रुवारीत एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपले चार जण बत्तीस धावांत परतले असताना बीडच्या सचिन धसनं ९६ धावा काढल्या. तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं, त्यात मीही आलो, त्याच्या लहानपणी त्याला बॉल आणून दिल्याचं सांगितलं. मी त्याला कधी पाहिलेलंही नाही.

आता आम्ही गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहतो. ही वसाहत कागदावर फार सुंदर आहे. लेआउटच्या नकाशात ठरल्याप्रमाणे खुली जागा सोडलेली आहे आणि ती हिरव्या रंगानं रंगवली आहे. जागेवरही ती हिरवीच आहे. वेडी बाभूळ वाढलीय, पुरुषभर. एका कोपऱ्यात बांधकामाचा मलबा, दुसऱ्यात ओपन जिमची चार यंत्रं. त्या यंत्रांवर संध्याकाळी आमच्या वयाची माणसं पाय हलवत राजकारण करतात. लेकरं जवळ आली की "मोडेल रे" म्हणून हाकलतात. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले. गुळगुळीत रस्त्यावर सगळ्यात आधी गुळगुळीत काय झालं, तर वाहनांचा वेग. वाळूचा हायवा शेजारून गेला की घरातली भांडी बोलतात. मग "रस्त्यावर जाऊ नको" आलं. मग गेट आलं. गेटातून शाळेची व्हॅन लेकराला उचलते आणि गेटातच आणून टाकते. माझ्या नातवाची शाळा आमच्या घरापासून नऊशे मीटरवर आहे. तो तिथं वीस मिनिटांत पोचतो, कारण व्हॅन आधी बाकीच्या चौदा जणांना उचलत गावभर फिरते.

मी एकदा त्याला चालत नेलं. व्हॅनपेक्षा कमी वेळ लागला. वाटेत त्यानं एक सरडा, दोन शेळ्या आणि एक बंद पडलेला जेसीबी पाहिला, जेसीबीच्या पात्यावर चढला, उतरताना पँट फाडली. शाळेत पोचल्यावर बाई म्हणाल्या, "व्हॅन चुकली का?" घरी सून काही बोलली नाही. फाटकी पँट माझ्या उशीपाशी ठेवली, सुईदोऱ्यासकट.

आजकालची लेकरं मोबाइल सोडत नाहीत, असं आमच्या कट्ट्यावर रोज ठरतं. ठरवणाऱ्यांच्या हातात मोबाइल असतो. मला हा आरोप पटत नाही. आमच्या वेळी मोबाइल असता तर ओढ्यावर रेंज शोधत आम्हीही बसलो असतो. फरक एवढाच की दारातून पाय बाहेर टाकला की आम्हाला काहीतरी आडवं यायचं आणि ते ओलांडावं लागायचं. या पोराच्या दारातून पाय बाहेर टाकला की सरळ व्हॅनच्या पायरीवर पडतो. ओलांडण्यासारखं त्याच्या जगात एकच शिल्लक आहे, शेजारचा तीस बाय चाळीस.

आणि या प्लॉटाची मेहेरबानी बघा. त्याच्यामुळं संध्याकाळी साडेपाचला सतरा लेकरं जमतात. मी गॅलरीतून मोजलीत. त्यांत पाच मुली आहेत आणि सगळ्यात जोरात बॉल टाकणारी त्यांच्यातलीच एक आहे. तिच्याच बोलिंगला घाबरून मोठ्या पोरांनी दगड परत मागं सरकवायची भाषा सुरू केली होती. अशा प्लॉटांची आमच्या वसाहतीत अकरा वर्षांपूर्वी संख्या तेवीस होती. आज चार आहे. मालक पुण्यात, मुंबईत, एखादा बंगळुरात. त्यांना बीडला यायला वेळ मिळत नाही, त्यावर आमच्या लेकरांची तब्येत टिकून आहे.

म्हणून हे लिहायला घेतलं. तुमचा बीडमध्ये प्लॉट असेल आणि तुम्ही पुण्यात राहत असाल, तर हात जोडून विनंती आहे, कंपाउंडची घाई करू नका. झाडझुडूप आम्ही काढू, काचा वेचू, पाहिजे तर मार्च महिन्यातला नगरपालिकेचा कर भरून पावती पाठवू. आणि पांढऱ्या गाडीवाल्या साहेबांसाठी खास निरोप आहे. तुमच्या पूर्वेच्या कोपऱ्यातला दगड मी स्वतः पोरांकडून जागेवर आणून घेतलाय. टेप लावून पाहिली, चाळीस फूट भरतंय. लहान लेकरांना मधनं बॉल टाकायची सवलत दिलीय.